श्रीलंकेतील शांतिसेना आणि माघारीचा न मांडलेला हिशेब

२४ मार्च १९९० रोजी भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी त्रिंकोमाली बंदरातून निघाली आणि सुमारे बत्तीस महिने चाललेली मोहीम संपली. या काळात जवळपास बाराशे भारतीय जवान आणि अधिकारी मारले गेले, जखमींचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा होता, आणि उत्तर व पूर्व श्रीलंकेतील किती तमिळ नागरिकांना प्राण गमवावे लागले याची सर्वमान्य मोजदाद आजही झालेली नाही. परतलेल्या सैनिकांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी मद्रासच्या बंदरावर गेले नाहीत. तमिळांवर शस्त्र चालवून आलेल्या सैन्याचे स्वागत आपण करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार येऊन चार महिनेही झाले नव्हते. ज्यांनी सैन्य पाठवले ते विरोधी बाकांवर जाऊन बसले होते आणि ज्यांनी ते परत आणले त्यांना ही मोहीम आपली मानण्याचे काहीच कारण नव्हते. त्यामुळे जाब विचारायचा तर कोणाला, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच अधांतरी राहिला आणि आपण सर्वांनी तो तसाच राहू दिला.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. श्रीलंकेतून सैन्य मागे घेण्याचा निर्णय बरोबर होता, किंबहुना तो व्हायला हवा होता त्यापेक्षा उशिराच झाला. परंतु परतण्याचा निर्णय बरोबर ठरला म्हणून परतणाऱ्या देशाची जबाबदारी संपत नाही. आपण तेथे निवडणुका घेतल्या, एका पक्षाला सत्तेवर बसवले, त्याच्या संरक्षणासाठी कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या आणि मग त्या सगळ्यांना मागे ठेवून निघून आलो. या गोष्टीचा हिशेब भारताच्या संसदेने कधी मागितला नाही आणि कोणत्याही सरकारने तो दिला नाही. परदेशी भूमीवर सैन्य पाठवण्याचा विचार पुन्हा कधी झालाच, तर हा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे, असे मला वाटते.

ही मोहीम कशी सुरू झाली हे थोडक्यात आठवले पाहिजे, कारण शेवटाची बीजे आरंभातच होती. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ तेरा श्रीलंकन सैनिक मारले गेल्यानंतर कोलंबोत आणि इतरत्र तमिळांच्या घरादारांवर, दुकानांवर आणि जिवावर जो हल्ला झाला, त्याने हजारो निर्वासित तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आले. त्या संतापाच्या काळात इंदिरा गांधींच्या सरकारने तमिळ सशस्त्र गटांना भारतात आश्रय, प्रशिक्षण आणि शस्त्रे मिळण्याची व्यवस्था केली. लिट्टे, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी (ईलम) लढणारी ‘लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम’ ही संघटना, हा त्यांपैकी एक गट होता. एका हाताने बंडखोरांना बळ द्यायचे आणि दुसऱ्या हाताने कोलंबो सरकारशी मध्यस्थाच्या नात्याने बोलायचे, असे हे धोरण होते. जून १९८७ मध्ये श्रीलंकन सैन्याने जाफन्याला वेढले, तेव्हा मदतसामग्री घेऊन गेलेल्या भारतीय होड्या परत पाठवल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी, ४ जून रोजी, मिराज विमानांच्या संरक्षणात हवाई दलाने ती सामग्री आकाशातून टाकली. त्यानंतर आठ आठवड्यांत, २९ जुलै १९८७ रोजी, राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या.

करारात तमिळांसाठी खरोखर महत्त्वाच्या तरतुदी होत्या. उत्तर आणि पूर्व हे प्रांत तात्पुरते एकत्र करायचे, प्रांतिक परिषदेला अधिकार द्यायचे, पूर्वेत सार्वमत घ्यायचे, तमिळ भाषेला अधिकृत स्थान द्यायचे, आणि बंडखोर गटांनी युद्धविरामानंतर ७२ तासांत शस्त्रे खाली ठेवायची. या अखेरच्या कलमाची हमी भारताने घेतली होती. ज्यांनी शस्त्रे ठेवायची होती त्या लिट्टेची मात्र करारावर सही नव्हती. लिट्टेचे प्रमुख वेलुपिल्लै प्रभाकरन यांना दिल्लीतील हॉटेलात ठेवून घेऊन होकार वदवून घेण्याचा प्रयत्न झाला. ४ ऑगस्टला सुदुमलैच्या जाहीर सभेत त्यांनी जे भाषण केले ते लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला कळायला हवे होते की हा होकार भारताच्या बळापुढे दिलेला आहे, मनापासून दिलेला नाही. दोन सरकारांनी मिळून तिसऱ्याच्या वतीने वचन द्यायचे आणि ते पाळले जाईल या भरवशावर फौज धाडायची, हा या मोहिमेचा पाया होता. असा पाया खचायला फार दिवस लागत नाहीत.

तो ऑक्टोबरमध्ये खचला. नल्लूरच्या मंदिरासमोर उपोषणाला बसलेला लिट्टेचा तरुण नेता तिलीपन २६ सप्टेंबरला मरण पावला आणि जाफन्यातील लोकमत भारताच्या विरोधात फिरू लागले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीलंकन नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या सतरा जणांना कोलंबोला नेण्याचा हट्ट जयवर्धने सरकारने धरला, भारताला तो मोडता आला नाही, आणि पलाली तळावर त्या सतरांपैकी बाराजणांनी सायनाईड घेऊन प्राण दिले. मग हत्याकांडे झाली, भारतीय जवान मारले गेले आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले. जे सैन्य दोन पक्षांच्या मध्ये उभे राहण्यासाठी गेले होते ते आता एका पक्षाशी लढू लागले. मोहिमेचे स्वरूप मुळापासून बदलले, तरी हा बदल मंजूर करण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी संसदेचे मत घेण्याची गरज कोणाला वाटली नाही.

त्या लढाईतील दोन प्रसंग जवळून पाहण्यासारखे आहेत, कारण माघारीच्या वादात ते दोन वेगवेगळ्या बाजूंनी सांगितले जातात आणि एकत्र क्वचितच सांगितले जातात. पहिला ११ ऑक्टोबरच्या रात्रीचा. लिट्टेचे नेतृत्व जाफना विद्यापीठाच्या परिसरात आहे अशा माहितीवरून १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्री यांच्या तुकड्या हेलिकॉप्टरमधून तेथील मैदानावर उतरवायच्या असे ठरले. भारतीय सैन्याचे बिनतारी संदेश लिट्टेच्या कानावर पडत होते आणि तिचे बंदूकधारी दबा धरून बसले होते. शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण उतरले. त्यानंतर मारा इतका तीव्र झाला की हेलिकॉप्टरांना पुढच्या तुकड्या घेऊन येता आले नाही. त्या तिसांपैकी एकोणतीस मारले गेले आणि एकजण जिवंत पकडला गेला. कमांडोंना रणगाडे पाठवून सोडवावे लागले. ज्यांना आपणच काही वर्षांपूर्वी शिकवले होते त्यांच्याबद्दल आपल्याला किती थोडे ठाऊक होते, हे त्या रात्री उघड झाले.

दुसरा प्रसंग त्यानंतर दहा दिवसांनी, ऐन दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात घडला. २१ आणि २२ ऑक्टोबर या दोन दिवसांत तेथे साठ-सत्तर माणसे मारली गेली. त्यांत रुग्ण होते, डॉक्टर होते, परिचारिका आणि इतर कर्मचारी होते. रुग्णालयाच्या आवारातून गोळीबार झाला आणि चकमकीत हे लोक सापडले, अशी भारतीय सैन्याची बाजू आहे. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी मात्र सांगितले की सैनिक आत शिरल्यानंतर वॉर्डांमध्ये गोळ्या चालल्या, आणि हात वर करून, आपण डॉक्टर आहोत असे ओरडत पुढे आलेल्यांवरही चालल्या. दोन वर्षांनी, २ ऑगस्ट १९८९ रोजी, वल्वेट्टीतुरै येथे गस्तीवरील जवानांवर हल्ला झाल्यानंतर साठाहून अधिक नागरिक मारले गेले. विद्यापीठाच्या मैदानावरील एकोणतीस जवानांचे दुःख ज्याला खरोखर कळते त्याने रुग्णालयातील मृतांकडे पाठ फिरवू नये, आणि उलटही तितकेच खरे आहे. दोन्ही मृत्यू एकाच चुकीच्या निर्णयाच्या पोटातून आलेले आहेत.

मराठी वाचकाला या मोहिमेचा आणखी एक धागा ठाऊक असायला हवा. ऑपरेशन पवनमधील एकमेव परमवीर चक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळाले. ते मुंबईत जन्मले, मुंबईतच शिकले आणि महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये होते; ती रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. शत्रूला मागच्या बाजूने घेरताना हातघाईची लढाई झाली, छातीत गोळी लागली, तरी त्यांनी समोरच्याच्या हातातील रायफल हिसकावून त्याला टिपले आणि प्राण जाईपर्यंत आपल्या माणसांना सूचना देत राहिले. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही जाफन्याच्या लढाईत होते. महाराष्ट्रातील किती गावांत त्या काळात तारा आल्या असतील याची कल्पना करता येते. आपल्याकडे १९६५, १९७१ आणि कारगिल या लढायांच्या आठवणी शाळेच्या भिंतीवर, चौकातल्या फलकावर सापडतात, पण जाफना फारसा सापडत नाही. कोलंबोजवळ बत्तरमुल्ल येथे श्रीलंकेने भारतीय जवानांचे स्मारक उभारले. स्वतःच्या देशात मात्र त्या सैनिकांच्या कुटुंबीयांना आणि सहकाऱ्यांना यथोचित स्मृतिदिनासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला.

याच वेदनेतून माघारीविरुद्धचा सर्वात बळकट युक्तिवाद येतो आणि त्याला गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे. अनेक निवृत्त सेनाधिकाऱ्यांचे म्हणणे असे आहे की १९८८ आणि १९८९ या काळात सैन्य या युद्धात तरबेज झाले होते, शहरे ताब्यात होती, लिट्टे उत्तरेतील वन्नीच्या जंगलात ढकलली गेली होती, आणि आणखी काही महिने मिळाले असते तर तिचा कणा मोडला असता; परंतु दिल्लीने कधी वाटाघाटींसाठी कारवाई थांबवायला लावली, कधी हात बांधले, आणि विजय दृष्टिपथात असताना परत बोलावले. यात तथ्य आहे. वाटाघाटी आणि कारवाई यांची सरमिसळ झाली होती हे नाकारता येत नाही, आणि ज्याला सत्तर हजारांहून अधिक सैन्याच्या जिवाची जबाबदारी वाहायची होती त्याचा राग समजण्यासारखा आहे.

तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही. लिट्टेचा कणा मोडल्यावर तेथे राज्य कोणी करायचे होते? प्रांतिक परिषदेने, असे उत्तर दिले जाते. ती परिषद नोव्हेंबर १९८८ च्या निवडणुकीतून आली होती आणि उत्तरेकडील जागा भारताच्या बाजूच्या ईपीआरएलएफ या तमिळ पक्षाला आणि त्याच्या मित्रपक्षाला अक्षरशः बिनविरोध मिळाल्या होत्या, कारण दुसरे कोणी उभे राहण्याच्या मनःस्थितीत किंवा सुरक्षिततेत नव्हते. त्या पक्षाचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ त्रिंकोमालीत बसत असत ते भारतीय बंदुकांच्या कड्यात. कोलंबोने त्यांना निधी, पोलीस आणि जमीन यांबाबतचे अधिकार मनापासून कधीच दिले नाहीत. परिषदेला स्वतःचे बळ हवे म्हणून भारताच्या पाठिंब्याने एक तमिळ सशस्त्र दल उभारण्यात आले आणि त्याच्या भरतीसाठी पोरांना रस्त्यांवरून, बसमधून, शिकवणीच्या वर्गांबाहेरून उचलून नेण्यात आले. ज्या लोकांच्या संरक्षणासाठी आपण गेलो त्यांच्याच मुलांना असे पळवून नेले जात असेल, तर जंगलातील बंदूकधारी कितीही कमी झाले तरी लोक आपल्या बाजूला येत नाहीत. लष्करी दृष्टीने मिळवलेली भूमी राज्य म्हणून टिकण्यासाठी जे लागते ते तेथे नव्हते, आणि आणखी सहा महिन्यांत ते निर्माण झाले असते असे मानायला काही आधार दिसत नाही.

याहून निर्णायक मुद्दा परवानगीचा आहे. शांतिसेना गेली ती श्रीलंकेच्या अध्यक्षांच्या विनंतीवरून. जानेवारी १९८९ मध्ये सूत्रे हाती घेतलेले अध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांचा या कराराला पहिल्यापासून विरोध होता, दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुनाचे सिंहली बंड भारतविरोधाच्या ज्वाळांवर पोसले जात होते, आणि १ जून १९८९ रोजी प्रेमदासांनी जाहीर केले की २९ जुलैपर्यंत भारतीय सैन्याने निघून जावे. राजीव गांधींनी उत्तर दिले की करारातील जबाबदाऱ्या, विशेषतः तमिळांची सुरक्षितता आणि अधिकारांचे वाटप, पूर्ण झाल्याशिवाय वेळापत्रक ठरू शकत नाही. हे उत्तर केवळ हट्टाचे होते असे मी म्हणणार नाही. वचन दोन्ही बाजूंनी दिलेले होते आणि कोलंबो आपले वचन पाळत नव्हते. पण यजमान देशाच्या निवडून आलेल्या अध्यक्षाने निघून जा म्हटल्यानंतर तेथे राहणारे सैन्य, त्याचा हेतू कितीही चांगला असो, दुसऱ्याच्या घरात बळाने राहते. प्रेमदासांनी तर याच काळात लिट्टेला गुप्तपणे शस्त्रे पुरवली, म्हणजे भारतीय जवानांवर त्यांच्या यजमानानेच दिलेल्या बंदुका चालू लागल्या. अशा स्थितीत थांबण्यासाठी जो प्रत्येक जवान मारला गेला त्याच्या मृत्यूचे समर्थन करणे मला शक्य नाही. १८ सप्टेंबर १९८९ रोजी अखेर माघारीचा करार झाला.

म्हणून निघणे योग्य होते. मात्र ज्या पद्धतीने निघालो ती लाजिरवाणी होती. भारतीय तुकड्या अंपारा, मग बट्टिकलोआ असे एकेक जिल्हे रिकामे करत गेल्या, तसतशी लिट्टे त्या तमिळ दलाच्या छावण्यांवर चालून गेली. पंधरा-सोळा वर्षांची मुले, त्यांतली कितीतरी जबरीने आणलेली, पुरेसे शिक्षण नाही, पाठीशी कोणी नाही, आणि समोर त्या काळातील सर्वात निर्दय संघटना. त्यांतली शेकडो मारली गेली. पेरुमाळ यांनी १ मार्च १९९० रोजी स्वतंत्र ईलमची हताश घोषणा केली आणि भारताचा आश्रय घेतला. अनेक वर्षे त्यांना भारतात विजनवासात काढावी लागली. त्यांच्या पक्षाच्या ज्या कुटुंबांना समुद्र ओलांडता आला त्यांतील काहींची रवानगी ओडिशातील मलकानगिरीला झाली. पक्षाचे सरचिटणीस पद्मनाभ यांना सहकाऱ्यांसह जून १९९० मध्ये खुद्द मद्रास शहरात लिट्टेने गोळ्या घातल्या. भारताचा मित्र होण्याची ही किंमत होती, आणि ती भारताच्याच भूमीवर वसूल झाली.

त्याच सुमारास दुसरी एक महासत्ता दुसऱ्या एका देशातून निघत होती, तिच्याशी तुलना केली तर आपली उणीव अधिक ठळक दिसते. सोव्हिएत सैन्याची शेवटची तुकडी १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अमू दर्या ओलांडून अफगाणिस्तानातून बाहेर पडली. ते आक्रमण अन्याय्य होते आणि त्यातील क्रौर्य आपल्या मोहिमेच्या कितीतरी पट मोठे होते. परंतु मॉस्कोने मागे ठेवलेल्या नजीबुल्ला सरकारला शस्त्रे, इंधन, धान्य आणि पैसा मिळत राहिला, आणि ते सरकार सर्वांचे अंदाज चुकवत तीन वर्षांहून अधिक काळ टिकले. सोव्हिएत संघच संपला आणि रसद थांबली तेव्हाच ते कोसळले. त्रिंकोमालीतील परिषद शेवटच्या जहाजापर्यंतही टिकली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर अमेरिकेच्या दुभाष्यांची आणि मदतनीसांची जी दैना झाली ती पाहून आपल्याकडे अमेरिकेच्या विश्वासघातावर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. त्यातले बहुतेक बरोबरही होते. पण त्या सगळ्या चर्चेत मलकानगिरीचे नाव क्वचितच कोणाच्या तोंडून आले असेल.

माघारीची तयारी चालू असताना जाफन्यात एक आवाज होता, जो या प्रश्नाकडे आपल्यापेक्षा स्वच्छ नजरेने पाहत होता. डॉ. रजनी तिराणगमा जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या प्राध्यापकांच्या गटात राहून त्यांनी श्रीलंकन सैन्य, लिट्टे, इतर तमिळ गट आणि भारतीय शांतिसेना या सर्वांच्या अत्याचारांच्या नोंदी केल्या, बलात्कार झालेल्या स्त्रियांशी बोलल्या, आणि कोणत्याही बाजूचे नाव गाळले नाही. माघारीच्या करारावर सह्या झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी, २१ सप्टेंबर १९८९ रोजी, विद्यापीठातून सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ही हत्या लिट्टेने केली असेच त्यांचे कुटुंबीय आणि सहकारी मानतात. सैन्य निघाले की शांतता येईल असे मानणाऱ्यांना आणि सैन्य राहिले तरच सुरक्षितता राहील असे मानणाऱ्यांना, दोघांनाही त्या नोंदी अडचणीच्या आहेत. सैन्य असताना जे झाले तेही त्यांत आहे आणि सैन्याच्या उपस्थितीतच पुढच्या दडपशाहीची जमीन कशी तयार झाली तेही आहे.

त्यानंतरचा घटनाक्रम परिचित आहे. जून १९९० मध्ये लिट्टे आणि श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि १ मे १९९३ रोजी प्रेमदासांचीही. युद्ध आणखी सोळा वर्षे चालून २००९ मध्ये अतोनात नागरी संहारानंतर संपले. करारातून आलेली तेरावी घटनादुरुस्ती श्रीलंकेच्या राज्यघटनेत अजून आहे, पण उत्तर-पूर्वेचे एकत्रीकरण तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरवले, आणि जमीन व पोलीस यांबाबतचे अधिकार प्रांतांना आजतागायत मिळालेले नाहीत. करार पूर्ण वाया गेला असे मी म्हणणार नाही. श्रीलंकेत सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा जो काही घटनात्मक आधार आहे तो त्यातूनच आला. पण तो सह्यांतून आला, सैन्यातून नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

भारतीय राज्यव्यवस्थेने या प्रकरणाची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर उघडली ती फक्त एकदा, जैन आयोगाच्या निमित्ताने, आणि त्या आयोगाचा विषय राजीव गांधींच्या हत्येमागील कट हा होता. सैन्य का पाठवले, मोहिमेचे उद्दिष्ट कोणी बदलले, रुग्णालयात काय झाले, मागे राहिलेल्यांचे काय करायचे ठरले होते, हे प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हते. त्या आयोगाचा अंतरिम अहवाल १९९७ मध्ये बाहेर आला तेव्हा त्याचा उपयोग गुजराल सरकार पाडण्यासाठी झाला. याउलट कारगिलचे युद्ध संपताच सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली आणि काही महिन्यांत तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे आला. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असे नाही. जिथे देश जिंकला होता तिथे चौकशी झाली आणि जिथे हरला किंवा चुकला तिथे कपाट बंद राहिले. १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स अहवालाचीही तीच गत आहे.

यावर उपाय म्हणून मी जे सुचवतो ते नवे नाही. सैन्य परदेशी पाठवायला आपल्याकडे संसदेची पूर्वसंमती लागत नाही. करार करणे आणि फौज हलवणे हे दोन्ही कार्यकारी सत्तेच्या अखत्यारीत येतात. जर्मनीत तसे नाही. तेथील घटना न्यायालयाने १९९४ मध्ये निकाल दिला की सशस्त्र सैन्य परदेशी पाठवण्यासाठी लोकप्रतिनिधीगृहाची संमती हवी, आणि २००५ च्या कायद्याने तपशील ठरवून दिला. सरकारच्या प्रस्तावात कामाचे स्वरूप, प्रदेश, कायदेशीर आधार, सैनिकांची कमाल संख्या, मुदत आणि खर्च लिहावा लागतो. मुदत संपली की पुन्हा संसदेपुढे यावे लागते आणि दिलेली संमती संसद मागेही घेऊ शकते. अशी तरतूद आपल्याकडे असती, तर ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतता राखण्याचे काम संपून युद्ध सुरू झाले तेव्हा सरकारला नवा प्रस्ताव घेऊन उभे राहावे लागले असते, आणि निदान तेव्हा तरी कोणीतरी उठून विचारले असते की हे कुठवर न्यायचे आहे.

संसदेच्या मतदानाने चुकीची युद्धे टळतात असा माझा दावा नाही. ब्रिटिश संसदेने मार्च २००३ मध्ये इराक युद्धाला मोठ्या बहुमताने मान्यता दिली होती. पण ज्यांनी मान्यता दिली त्यांची नावे नोंदली गेली, आणि २००९ मध्ये ब्रिटिश सैन्याची लढाऊ मोहीम संपताच नेमलेल्या चिलकॉट चौकशीने, सात वर्षे घेऊन का होईना, पंतप्रधानांच्या निर्णयप्रक्रियेची पत्रन्‌पत्र जनतेपुढे ठेवली. आपल्या इतिहासातही एक दाखला आहे. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील हल्ल्याविरुद्ध ठराव केला होता. पुढे अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितले, सरकारमधील काही मंडळी अनुकूलही होती, परंतु उघड चर्चा होऊ शकली, विरोध स्पष्ट झाला आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. त्या नकाराने आपल्या किती जवानांचे प्राण वाचले असतील याचा अंदाज नंतरच्या इराकवरून बांधता येतो.

आक्षेप असा घेतला जाईल की संकट वेळ पाहून येत नाही. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी राजधानीवर हल्ला केला आणि त्याच रात्री आग्र्याहून उडालेले भारतीय छत्रीधारी सैनिक तेथे उतरले. संसदेत चर्चा करत बसलो असतो तर राष्ट्राध्यक्ष गयूम वाचले नसते. हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही जर्मन कायद्यातच आहे: तातडीच्या प्रसंगी सैन्य आधी पाठवता येते आणि संमती नंतर घेता येते, आणि ती मिळाली नाही तर मोहीम थांबवावी लागते. मालदीवच्या मोहिमेला भारतीय संसदेने आनंदाने संमती दिली असती. काम स्पष्ट होते, बोलावणे खरे होते आणि शेवट दिसत होता. १९७२ मध्ये ढाक्याहून भारतीय सैन्य अवघ्या तीन महिन्यांत परतले, तेही याच कारणाने. तेथे राज्य हाती घ्यायला लोकांचे स्वतःचे सरकार उभे होते. ज्या मोहिमेला असा शेवट सांगता येत नाही, तिच्याबद्दल सरकारला चारचौघांत बोलावे लागणे हे सैन्याच्याच हिताचे आहे.

राहता राहिली जुनी देणी. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर शांतिसेनेचे लष्करी आणि राजनैतिक दस्तऐवज गुप्त ठेवण्याला राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुरत नाही. ते राष्ट्रीय अभिलेखागारात आले पाहिजेत. जाफना रुग्णालय आणि वल्वेट्टीतुरै येथे काय घडले याची भारताने स्वतः चौकशी करून निष्कर्ष प्रसिद्ध केला पाहिजे, मग तो सैन्याच्या बाजूने लागो वा विरुद्ध. दक्षिण आशियात आपण स्वतःला जबाबदार शक्ती म्हणवतो, त्या दाव्याला तेवढा आधार तरी हवा. भारताच्या सांगण्यावरून शस्त्र हाती घेतलेल्या आणि पुढे निर्वासित झालेल्या तमिळ कुटुंबांच्या नागरिकत्वाचा प्रश्न इतर निर्वासितांच्या ढिगात न टाकता स्वतंत्रपणे सोडवला पाहिजे. काबूलच्या माघारीनंतर वर्षभरात जर्मन संसदेने आपल्या अफगाण मदतनीसांच्या बाबतीत काय चुकले हे तपासायला चौकशी समिती नेमली. आपल्या संसदेला तेवढ्यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही; परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण या दोन्ही विषयांच्या स्थायी समित्या आहेत, त्यांनी हा विषय हाती घ्यायचे ठरवले की पुरे. त्या मोहिमेतले अधिकारी, जवान, राजनैतिक अधिकारी आणि जाफन्यातील साक्षीदार यांतील पुष्कळजण अजून हयात आहेत, पण त्यांची वये आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या साक्षी घ्यायच्या असतील तर हे काम याच लोकसभेच्या कार्यकाळात सुरू व्हायला हवे.